टाचेची शीर : दुखणं गेलं, पण सोनोग्राफीत जाडी तेवढीच. मग बारा आठवड्यांच्या व्यायामाने आत झालं काय?

फुगडी साखळी
९ जुलै, रात्री ९.५०

नमस्कार. मी गोव्यातल्या साखळी गावची. वय ४७, प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या वाड्यावर बारा जणींचा फुगडीचा गट आहे, चवथीच्या दिवसांत आम्ही स्पर्धांना जातो. प्रश्न माझ्या उजव्या टाचेचा आहे, पण नुसतं 'काय करू' असं विचारायचं नाही, म्हणून सगळं सांगते.

गेल्या श्रावणात देवळाच्या मंडपात सराव होता. खाली गुळगुळीत लादी, आम्ही अनवाणी, रोज दीड-दोन तास. चवथ आठवड्यावर आली तेव्हा टाचेच्या वर, जिथे शीर दोरीसारखी हाताला लागते, तिथे दुखायला लागलं. चवथ झाली, दुखणं राहिलं. सकाळी अंथरुणातून उठलं की पहिली वीस-पंचवीस पावलं भिंत धरून टाकायची, मग पाय सुटायचा. चिमटीत धरलं तर त्या जागी शीर फुगलेली लागायची, डाव्या पायाला तसं काही नाही. शिगमो होईपर्यंत मी तेल, शेक आणि पट्टी यांवरच काढलं.

एप्रिलमध्ये सोनोग्राफी केली. रिपोर्टात होतं : अकिलीस टेंडन मधल्या भागात जाड, ८.४ मिलिमीटर, काळपट दिसतो, आत नव्या रक्तवाहिन्या. फिजिओ मॅडमनी व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं आणि दुखऱ्या एका पायावर टाच सावकाश पायरीच्या खाली उतरवायची. पंधराचे तीन फेरे गुडघा ताठ ठेवून, पंधराचे तीन गुडघा थोडा वाकवून, सकाळ-संध्याकाळ. मागल्या दारच्या चिऱ्याच्या पायरीवर मी हे बारा आठवडे केलं. चार दिवस चुकले, ते भाचीच्या लग्नाचे.

आता सकाळी भिंत धरावी लागत नाही. शाळेचा जिना चढते-उतरते, बाजाराची पिशवी घेऊन चढण चढते. गेल्या आठवड्यात पुन्हा सोनोग्राफी केली, दुसऱ्या ठिकाणी, कारण पहिल्या ठिकाणी तारीख मिळेना. रिपोर्ट आला : ८.१ मिलिमीटर, रक्तवाहिन्या आहेतच. तिथल्यांनी सांगितलं, "फरक काही नाही, व्यायाम बंद करा, नाहीतर शीर तुटेल." घरी येऊन रिपोर्ट हातात धरून मी किती तरी वेळ नुसती बसून होते.

पाय म्हणतो बरं आहे, फोटो म्हणतो काही बदललं नाही. खरं कुणाचं मानायचं? व्यायामाने स्नायूत आणि शिरेत काय होतं हे मशीनने आत बघून अभ्यासणारे लोक असतील ना, त्यांना काय दिसतं? श्रावण तोंडावर आलाय. गटातल्या बायका रोज विचारतात.

पेडण्याचे आजोबा
९ जुलै, रात्री १०.३५

बाय, शरीर आहे ते, त्याला विसावा द्यावा. एक वर्ष फुगडी नाही घातली तर देव रागावणार नाही. आणि सोनोग्राफीवर कशाला अवलंबून राहतेस, एमआरआय करून घे, त्यात सगळं स्वच्छ दिसतं म्हणतात. काळजी घे.

फोंडा एमआरआय
१० जुलै, रात्री ११.२०

ताई, तुमच्या फिजिओ मॅडमना भेटल्याशिवाय व्यायाम बंद करू नका. बाकीचं सविस्तर लिहितो.

मी फोंड्याचा. एमआरआय टेक्निशियन म्हणून एकोणीस वर्षं काम करतो. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधपाण्याचं बोलणार नाही. पण मशीनला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे मी रोज बघतो, आणि तुमचा प्रश्न नेमका तिथलाच आहे. 'फोटोत फरक नाही' या एका वाक्यावर चांगला चाललेला व्यायाम सोडलेली माणसं मी पाहिली आहेत. त्याचं मला फार वाईट वाटतं.

आधी शब्द. आपण शीर म्हणतो ती रक्ताची शीर नव्हे. पुस्तकात तिला कंडरा म्हणतात, दवाखान्यात टेंडन. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारा हा दोर. आत कोलॅजेन या प्रथिनाचे धागे एकाच दिशेने, घट्ट, पीळ घातल्यासारखे.

आता तुमचे दोन रिपोर्ट. ८.४ आणि ८.१ यांत ०.३ मिलिमीटरचं अंतर, आणि मशीन वेगळं, हात वेगळा. सोनोग्राफीत प्रोबमधून, म्हणजे अंगावर टेकवून फिरवतात त्या दांड्यातून, आवाजाच्या लहरी आत जातात आणि धाग्यांवर आपटून परत येतात. प्रोब दोराला अगदी काटकोनात असेल तर धागे लख्ख पांढरे दिसतात. थोडासा कलला तर लहर भलतीकडे जाते आणि तोच चांगला टेंडन काळपट दिसतो. रेशमी साडीचा पदर हातात धरून कलता करून बघा, चमक कशी जाते. साडीला काही झालेलं नसतं. जाडीचंही तसंच. काकडी सरळ कापली तर काप लहान, तिरकी कापली तर मोठा. टेंडनचा छेद जरा तिरका घेतला गेला की जाडी वाढून येते. म्हणून तुमच्या या दोन आकड्यांवरून सुधारलं असंही म्हणता येत नाही आणि नाही सुधारलं असंही नाही. एकाच मशीनवर, एकाच डॉक्टरांनी, टाचेच्या हाडापासून तेवढ्याच अंतरावर मोजलं तरच तुलनेला अर्थ.

दुसरी गोष्ट मी स्वतःच्या पायावर पाहिलेली सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे पायाची नवी कॉइल आली, म्हणजे पायाभोवती बसवून एमआरआयचा सिग्नल पकडायचा भाग. ती लावून बघायची होती आणि पेशंट नव्हता, म्हणून मीच झोपलो. पोटरीचा पहिला स्कॅन घेतला : सगळे स्नायू एकसारखे राखाडी. मग बाहेर येऊन भिंतीला हात टेकवून, गुडघा ताठ ठेवून, उजव्या चवड्यावर वर-खाली करत राहिलो, पोटरी जळायला लागेपर्यंत. लगेच परत आत. पडद्यावर पोटरीचा आतल्या बाजूचा गोळा उजळून निघाला होता, पावसात भिजलेल्या भिंतीवर ओल उठून दिसावी तसा. त्याच्या खालचा चपटा स्नायू, सोलियस, मात्र फारसा बदलला नव्हता. काम करणाऱ्या स्नायूत पाणी ओढलं जातं, ते पाणी एमआरआयला दिसतं. माणसाच्या स्नायूत हे असं दिसतं ही गोष्ट १९८८ पासून छापून आलेली आहे. पण ते आपल्याच पोटरीत बघताना मला उभं राहवेना, मी सहकाऱ्याला पुन्हा पुन्हा तीच स्लाइस दाखवत होतो. तुम्हाला गुडघा ताठ आणि गुडघा वाकवून असे दोन प्रकार का दिले, त्याचं उत्तर त्या चित्रात आहे. गुडघा वाकवला की वरचा गोळा सैल पडतो आणि भार सोलियसवर जातो. अर्ध्या तासाने पुन्हा स्कॅन केला तेव्हा उजळपणा बराचसा ओसरला होता.

आणि टेंडन? आधी काळा होता, नंतरही तेवढाच काळा. आजोबा, राग मानू नका, पण एमआरआयमध्ये सगळं स्वच्छ दिसतं असं नाही. स्नायूचा सिग्नल तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या हिशेबाने विरतो, मशीनला तो ऐकायला वेळ मिळतो. टेंडनमधलं पाणी धाग्यांत इतकं जखडलेलं असतं की त्याचा सिग्नल काही मिलिसेकंदांतच मरतो, नेहमीचं मशीन ऐकायला बसेपर्यंत संपलेला असतो. तो पकडायला अल्ट्राशॉर्ट एको टाइम नावाची पद्धत आहे, ती मुख्यतः संशोधनात वापरतात. वर आणखी एक : टेंडन चुंबकाच्या दिशेशी ५५ अंशांच्या आसपास तिरका असेल तर काही चित्रांत तो उगाचच उजळ दिसतो. घोट्याभोवती वळणाऱ्या टेंडनांमध्ये हे नेहमी होतं, आणि नवख्याला तिथे दुखापत दिसते.

आता मूळ प्रश्न, बारा आठवड्यांत आत काय झालं. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ साली एक सुंदर काम प्रसिद्ध केलं. १९५५ ते १९६३ या काळात जगात अणुचाचण्या झाल्या, त्यांनी हवेत विशिष्ट कार्बन वाढला, तो अन्नातून त्या काळच्या माणसांच्या अंगात गेला. या लोकांनी अकिलीस टेंडनचा गाभा घेऊन त्यातला तो कार्बन मोजला. निघालं असं की गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळपास बदलत नाही. त्याच माणसांच्या स्नायूत मात्र उलाढाल चालू होती. म्हणजे तुमच्या टेंडनचा गाभा तुम्ही शाळेत होता तेव्हाचा आहे. बारा आठवड्यांत त्याने रूप पालटावं अशी अपेक्षाच धरता येत नाही.

तुम्ही करता तो व्यायाम स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडला. पंधरा धावपटू, बारा आठवडे, आणि पंधराही जण पुन्हा धावायला लागले. पुढे २००४ मध्ये याच गटाने, व्यायाम केलेल्या अशाच पेशंटांच्या टेंडनची सरासरी पावणेचार वर्षांनी पुन्हा सोनोग्राफी केलेली प्रसिद्ध झाली. जाडी सरासरी ८.८ मिलिमीटरवरून ७.६ झाली होती. ताई, हा आकडा दोनदा वाचा. बहुतेक लोक समाधानी होते, बहुतेकांच्या टेंडनची आतली वीण पुन्हा नीट दिसत होती, आणि तरी जाडी उतरली ती एवढीच, तीही वर्षांच्या हिशेबाने. तुम्ही बारा आठवड्यांवर मोजताय.

जाडीच्या आधी बदलतो तो ताठपणा, म्हणजे तेवढ्याच जोराला दोर किती ताणला जातो ते. ते बघायला माणसाचा पाय एका पाटीला बांधतात, प्रोब पोटरीवर स्नायू आणि टेंडन जिथे जुळतात तिथे पक्का करतात, आणि माणूस पाटी दाबत असताना तो सांधा किती मिलिमीटर सरकतो ते मोजतात. जर्मनीत आरांपात्झिस यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात एकाच माणसाच्या एका पायाला हलका ताण आणि दुसऱ्याला जोरकस ताण दिला, चौदा आठवडे. जोरकस पायाचा टेंडन ताठ झाला, एमआरआयमध्ये काही भागात जाडही भरला. हलक्या पायात तसं झालं नाही. माणूस तोच, जेवण तेच, झोप तीच, फरक फक्त ताणाचा.

लिहिताना मध्यरात्र होत आली. उद्या सकाळची पाळी आहे, तुमचं काही विचारायचं असेल तर लिहून ठेवा.

फुगडी साखळी
११ जुलै, संध्याकाळी ६.१५

दादा, तुमचं उत्तर मी शाळेतून आल्यावर मोठ्याने वाचलं, घरात सगळ्यांना ऐकवलं. काकडीचं लगेच पटलं.

एक शंका. दोन्ही वेळा तपासणी वेगळ्या तऱ्हेने झाली हे आता आठवतंय. एप्रिलमध्ये पालथं झोपवून पाय टेबलाच्या कडेवरून मोकळा सोडला होता. या वेळी त्यांनी पाऊल दाबून वर धरायला सांगितलं आणि प्रोबही चांगलाच दाबला. याने काही होतं का? आणि एमआरआय करू का? पैसे जमवता येतील.

मडगाव फिजिओ
११ जुलै, रात्री ८.४०

ताई, मी मडगावला फिजिओथेरपिस्ट आहे, याचं उत्तर मी देते. हो, होतं. डॉपलरमध्ये, म्हणजे सोनोग्राफीत रक्ताचा प्रवाह रंगात दाखवतात त्या पद्धतीत, दिसणाऱ्या त्या नव्या रक्तवाहिन्या केसासारख्या बारीक असतात. टेंडन ताणला किंवा प्रोब दाबला की त्या चेपतात आणि रंग नाहीसा होतो. चालून, चढून लगेच तपासलं की रंग वाढतो. पाय सैल, हात हलका आणि आधी थोडी विश्रांती, असं असेल तरच दोन वेळची तुलना करावी. एवढा दाब देऊनही दुसऱ्या रिपोर्टात रक्तवाहिन्या आल्या म्हणून घाबरू नका. दुखणं गेलेल्या लोकांतही त्या दिसतात. काहीच न दुखणाऱ्या लोकांच्या सोनोग्राफीतही जाड, काळपट टेंडन सापडतात.

एमआरआय आत्ता नको. दुखणं उतरतंय, ताकद येतेय, निदानाबद्दल शंका नाही. त्या चित्राने उपचारात काहीच बदलणार नाही.

मला स्वतःला फार वाटतं की आपल्या बायकांच्या पोटऱ्या फुगडी-धालोच्या मोसमाआधी आणि नंतर कुणीतरी नीट मोजाव्यात. धावपटूंवर ढिगाने काम झालंय, फुगडीवर माझ्या पाहण्यात नाही. पण आपल्याकडे सोनोग्राफीचं मशीन उचलून देवळाच्या मंडपात नेता येत नाही. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याखाली प्रत्येक मशीनची नोंदणी असते, मग ते टाच बघायला वापरा की पोट, आणि ते कुणी चालवायचं हेही ठरलेलं आहे. कायदा हवाच, मुली वाचाव्यात म्हणून तो आहे. त्यामुळे असं काम करायचं तर बायकांनाच नोंदणीकृत केंद्रात आणावं लागेल, गाडीची सोय करून. मी यासाठी विचारपूस सुरू केली आहे.

आता तुमच्यापुरतं. बारा आठवडे फक्त अंगाच्या वजनावर झालेत, पुढची पायरी भार वाढवण्याची. वर जो एका पायाला हलका आणि दुसऱ्याला जोरकस ताण देण्याचा प्रयोग सांगितलाय तो याच कारणासाठी महत्त्वाचा. तुमच्या फिजिओंना विचारून पाठीवरच्या पिशवीत पाच किलो तांदूळ घाला, फेरे कमी करा, आणि दिवसातून दोनदाऐवजी आठवड्यातून तीन दिवस, सावकाश : वर जायला तीन मोजा, उतरायला तीन. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पावलं जड पडली तर मात्र आदल्या दिवशीचा भार जास्त झाला असं समजायचं. तुमच्यासाठी मिलिमीटरपेक्षा हे माप खरं आहे.

फुगडीला एकदम दीड तास नको. पहिले दोन आठवडे दहा-पंधरा मिनिटं, एक दिवसाआड, आणि लादीवर जाड चटई किंवा पायात बूट. पाऊल आपटणं आणि उडी हा टेंडनवर सगळ्यात जास्त भार, तो सर्वांत शेवटी.

दोन धोके सांगून ठेवते. मागून कुणी काठी मारल्यासारखं वाटलं आणि त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी इस्पितळात जा. आणि लघवीच्या संसर्गासाठी वगैरे सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना टेंडनचं दुखणं आहे हे आधी सांगा. या गोळ्यांनी टेंडन तुटण्याचा धोका वाढतो, अमेरिकेच्या एफडीएने २००८ मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला. मधुमेह असेल तर तोही आटोक्यात हवा, साखरेने टेंडन बिघडतो.

कुडचडे कोच
१२ जुलै, सकाळी ७.०५

मधेच विचारतो. मी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. मांडीमागचा स्नायू ओढला जाणं हे आमचं दरवर्षीचं दुखणं. एका पालकाने सुचवलंय की मोसमाआधी सगळ्यांच्या मांड्यांची सोनोग्राफी करून घ्या. उपयोग आहे का?

फोंडा एमआरआय
१२ जुलै, रात्री १०.१०

कोच सर, तो पैसा मुलांच्या बुटांवर आणि जेवणावर घाला. ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंची अशी सोनोग्राफी झाली आहे, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. मांडीमागच्या स्नायूचे धागे ज्यांचे आखूड होते त्यांना दुखापती जास्त झाल्या. पण त्यावरचा उपाय मैदानावरच आहे : गुडघ्यांवर उभं राहून, जोडीदाराने घोटे दाबून धरलेले, आणि आपण ताठ अंगाने सावकाश पुढे झुकत जायचं. नॉर्डिक म्हणतात त्याला. तो काही आठवडे केला की धागे लांब होतात हे सोनोग्राफीतच मोजलं गेलंय. तो सगळ्यांनाच करायला लावा, त्याला फोटो लागत नाही. आणि मुलं चौदा-पंधराची आहेत हे लक्षात ठेवा. सतराव्या वर्षाचं मी वर लिहिलंय. त्यांच्या टेंडनचा गाभा आत्ता घडतोय. भार हळूहळू वाढवा, एकाच आठवड्यात तीन सामने नकोत.

फुगडी ताई, मॅडमनी सगळं नीट सांगितलंय. माझ्याकडून एवढंच की एप्रिलच्या तपासणीची सीडी जपून ठेवा. नुसता कागद नको, चित्रं हवीत. पुढची सोनोग्राफी करायचीच झाली तर त्याच डॉक्टरांकडे, पाय तसाच मोकळा सोडून.

जपानी संशोधकांचं एक काम तुम्हाला आवडेल म्हणून सांगतो, २००१ चं. चालणाऱ्या माणसाच्या पोटरीवर प्रोब बांधून त्यांनी पाहिलं तर पाऊल टेकलेलं असताना स्नायूचे धागे जवळपास तेवढ्याच लांबीचे राहतात. ताणला जातो तो टेंडन, आणि पाऊल उचलताना स्प्रिंगसारखा परत येतो. तुमच्या बारा जणी गोल धरून एका तालात उसळतात तेव्हा चोवीस टेंडन असेच ताणले जाऊन परत येत असणार.

फुगडी साखळी
२६ जुलै, रात्री ९.३०

उशिरा लिहितेय, शाळेत परीक्षा होत्या. फिजिओ मॅडमना भेटले. त्यांनी दोन्ही रिपोर्ट समोर ठेवून हेच सांगितलं आणि पिशवीत आधी तीन किलोच घालायला लावले. उकडे तांदूळ घातलेत, पिशवी मुलीच्या शाळेची. मंगळ, गुरू, रवि असे वार ठरवलेत. पायरी पावसाने शेवाळली होती, ती घासून घेतली आणि शेजारी धरायला बांबू रोवला.

सराव सुरू झाला. मी पहिल्या रांगेतून मागे आले आहे, गाणं मी म्हणते आणि शेवटच्या दोन फुगड्यांनाच उतरते. मंडपात चटया घातल्या, त्यावर आमच्यातल्या आणखी दोघी म्हणाल्या की टाच त्यांचीही दुखते, लाजेने बोलल्या नव्हत्या. मडगावच्या मॅडम, तुमचं ते मोजायचं काम ठरलं तर आम्ही बाराही जणी येऊ, गाडी आम्हीच करू.

सीडी सापडली. ट्रंकेत भाचीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांखाली होती.